बारा शब्दांचा कागद

आई गेल्यानंतर दीड महिन्यानं माझ्या मेलबॉक्सच्या कडेला विगची जाहिरात आली. केमो सुरू असताना मी आईला एकदा लिहिलं होतं, केसांचं एवढं मनावर घेऊ नकोस, आपण चांगला विग बघू. ते बोलणं आम्हा दोघींमधलं होतं. कुठल्या तरी यंत्रानं ते वाचून लक्षात ठेवलं आणि आई गेल्यावर माझ्यासमोर दुकान मांडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला राग पटकन येतो, आणि रागात मी कामं फार नीटनेटकी करते, हा माझा जुना दोष.

मी तेव्हा गुरुग्रामला विसाव्या मजल्यावर राहायचे. आईबाबा मयूर विहारला, सरकारी नोकरांनी मिळून बांधलेल्या सोसायटीत. नव्या खासगी कंपन्यांनी आमच्यासारख्या सरकारी घरांतली मुलं भराभर उचलली, त्यातली मी एक. मेट्रोनं दीड तासाचं अंतर, पण फोन केला की मी मीटिंगमध्ये. म्हणून आई साठी उलटल्यावर मेल लिहायला शिकली, एका बोटानं, देवनागरीत. सोसायटीची पाण्याची मोटर जळाली, शेजारच्या पंजाबी आंटींनी पुरणपोळीवर मलाई घालून खाल्ली, असलं सगळं त्यात असायचं. आठ वर्षांत शेकडो पत्रं झाली. मी उत्तरादाखल ‘ओके आई’ लिहायचे, तेही सवड झाली तर.

ऑफिसातल्या कुणीतरी मला एन्क्रिप्टेड ईमेलबद्दल सांगितलं. तिथे पत्रं अशी कुलूपबंद राहतात की ती सेवा चालवणाऱ्यांनाही उघडता येत नाहीत. मला हेच हवं होतं. एका रविवारी मी माझी सगळी पत्रं तिकडे हलवली, आईच्या खात्यातलीही हलवली आणि दोन्ही जुनी खाती कायमची पुसून टाकली. खूप बरं वाटलं, आईला घरात घेऊन दार लावल्यासारखं.

नव्या खात्यानं मला बारा शब्द दिले होते. पासवर्ड विसरलात तर या शब्दांनीच जुनी पत्रं उघडतील, दुसरा उपाय नाही, कागदावर लिहून घराबाहेर सुरक्षित जागी ठेवा, अशी सूचना होती. सुरक्षित जागा म्हणजे बाबा, यात मला शंका नव्हती. बाबांनी तीस वर्षं एका मंत्रालयाच्या गोपनीय शाखेत काढली होती. पाकिटात पाकीट, त्यावर लाखेचं सील, आणि घरात कामाबद्दल चकार शब्द नाही. मी त्यांना बंद पाकीट दिलं आणि म्हटलं, “बाबा, हे अत्यंत गोपनीय आहे. कुणाच्याही हाती लागता कामा नये.”

“बिल्कुल,” ते म्हणाले. आत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी त्यांना आवडेल अशा भाषेत बोलले याचंच मला कौतुक वाटत होतं.

पुढे वर्षभरानं मी नोकरी बदलली, ऑफिसचा लॅपटॉप परत केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत फोन बंद पडला तो कायमचाच. नव्या फोनवर मेल उघडायला गेले तर त्यानं पासवर्ड मागितला. इतके दिवस बोट टेकवलं की काम होत होतं. पासवर्ड मी त्या रागाच्या रविवारी केला होता, लांबलचक, आणि मोठ्या ऐटीत कुठेही लिहून ठेवला नव्हता. दोन दिवस आठवेल ते घालून पाहिलं. घाबरले मात्र नव्हते. शनिवारी मेट्रो पकडून मयूर विहारला गेले.

“बाबा, ते पाकीट द्या.”

“कुठलं? अच्छा, ते.” ते उठले, कपाटातून पाकिटाऐवजी आपली डायरी घेऊन आले आणि एका पानावर बोट ठेवलं. “हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो ना, त्याच्या आदल्या दिवशी.”

पानावर लिहिलं होतं, ‘गोपनीय पाकीट, एक, न उघडता जाळून नष्ट केले.’ खाली तारीख आणि त्यांची सही. साक्षीदाराची जागा रिकामी सोडली होती.

“म्हणजे जाळलंत?”

“अगं, पदाचा चार्ज सोडताना आपल्याकडचं गोपनीय असं मागे ठेवायचं नसतं. मी परत येतो न येतो. किल्ली कामवाल्या बाईकडे.” त्यांचा आवाज समाधानी होता. माझ्या तोंडाकडे बघून ते थांबले. “का गं? काय होतं त्यात?”

मला खोटं बोलायला हवं होतं. तेवढी अक्कल त्या क्षणी सुचली नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

“मग आता अर्ज कुणाकडे करायचा?”

“कुणाकडेच नाही, बाबा. त्या कंपनीलाही उघडता येत नाही.”

“असं कसं? वर कुणीतरी असेलच की.”

“वर कुणी नाही. म्हणूनच तर मी ती सेवा घेतली.”

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि इंग्रजीत मसुदा केला. चूक सर्वस्वी माझी आहे, मुलीचा दोष नाही, तरी तिच्या आईची पत्रं तिला मिळावीत. खाली निवृत्तीआधीचा हुद्दा आणि सही. मी तो जसाच्या तसा टाइप करून पाठवला. सोमवारी उत्तर आलं, अतिशय सभ्य. आम्हाला मनापासून वाईट वाटतं, पण आम्हीही वाचू शकत नाही. माझा राग कुणावर काढू हेच मला कळेना. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

मी ते उत्तर बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मी ती पत्रं कधी वाचली नाहीत. ती तुमची खासगी होती.” मग म्हणाले, “माझ्याबद्दल काही लिहायची का?”

“लिहायची की. तुम्ही तिला चोरून चहात दोन चमचे साखर घालता, ते लिहायची.”

ते हसले.

“आणखी?” त्यांनी विचारलं.

मी आठवायला लागले, आणि मला काही म्हणता काही आठवेना.