टाका दिसला पाहिजे

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. अंबरनाथ पूर्वेला आमचा बचत गट होता, आम्ही सहाजणी गोधड्या शिवायचो. ठाण्याच्या एका प्रदर्शनात स्टॉल हवा होता. अर्जासोबत चार डिजिटल फोटो मागितले होते, मोठे छापून. खाली अट होती, टाका दिसला पाहिजे.

फोटोचं काम माझ्याकडे आलं, कारण भाव करण्यात माझा हात धरणारी कोणी नव्हती.

उल्हासनगरातला फोटोवाला सिंधी, तिशीचा. पाच मेगापिक्सेलमध्ये काढीन म्हणाला, फोटोला साठ रुपये. आता उल्हासनगरात पहिला भाव मान्य केला तर दुकानदारालाच चुकल्यासारखं होतं. मी म्हटलं, रोल लागत नाही ना, मग रोलचे पैसे वजा कर. तो म्हणाला, कॅमेऱ्याचे हप्ते कोण भरणार? मी म्हटलं, दोनऐवजी एकच लाईट लाव. तेही त्याला पटेना. मग माझ्या हाती ते मेगापिक्सेल लागले. मला वाटलं, हे तांदळासारखं असणार. पाचाचा भारीतला, दोनाचा रेशनचा, पोट काय दोन्हीने भरतं.

“दोनमध्ये दे,” मी म्हटलं. “गोधडी ती, कुठे पळतेय?”

“आंटी, बाद में बोलना मत.”

चाळीसला सौदा पटला. घरी येईपर्यंत मी चालत नव्हते, मिरवत होते.

चार दिवसांनी फोटो आले. गोधडी उन्हात विरघळलेल्या बर्फीसारखी दिसत होती. टाके सोडाच, गोधडी कुठे संपते आणि खालची सतरंजी कुठे सुरू होते तेच कळेना. आमच्यातल्या जिने ती तीन महिने शिवली होती, तिने चष्मा पुसून पुन्हा घातला. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. या स्टॉलच्या जोरावर तिने मुलीची कॉलेजची फी मनातल्या मनात भरूनसुद्धा टाकली होती. आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

सकाळीच मान खाली घालून दुकानात गेले. त्याने काही विचारलं नाही. कॉम्प्युटर उघडला, आणि तीच गोधडी समोर, एकेक टाका मोजून घ्यावा अशी. एका कोपऱ्यात दोरा संपला म्हणून तिने वेगळा रंग घातला होता, तोही दिसला.

“खींचा तो पांच में ही था,” तो म्हणाला. “आपने दो मांगा, तो छोटा करके दिया.”

“मग तेव्हाच सांगायचं ना रे.”

“आप सुनतीं क्या? मेरी मम्मी भी ऐसे ही सौदा करती है.”

वरचे ऐंशी रुपये मी घासाघीस न करता मोजले आणि फोटो नव्याने छापून घेतले. स्टॉल मिळाला, तिच्या तीन गोधड्या पहिल्याच दिवशी गेल्या.

पुढे तो फोटोवाला आमच्याकडे आला, त्याला मुलगी झाली होती. गोधडीचा भाव ऐकून म्हणाला, छोटी द्या, बच्चीच तर आहे. मी म्हटलं, अरे, मुलं वाढतात. ऐकेना. छोटी दिली, आणि त्याच कापडाची एक मोठी शिवून कपाटात ठेवली.

दोन वर्षांनी दारात आला, मान खाली. मी काही विचारलं नाही. उठून कपाट उघडलं.