गल्लीची दोरी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. माझा जोडीदार संजय, माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं असं चारचौघांत सांगतो. त्यालाही हे ठाऊक नाही.

पावणे गावात, कारखान्यांच्या भिंतीमागे आमची गल्ली आहे. सोसायट्यांनी ज्यांना घर नाकारलं ती माणसं इथं राहतात — आम्हा दोघांसारखे पुरुष, दोन बायकांचा संसार, जन्मानं मुलगी ठरलेला आणि पुरुष म्हणून जगणारा समीरही होता तेव्हा. चाळीची मालकीण बायजाकाकी भाडेकरूचं काही बघत नाही, नळ नीट बंद केला का एवढंच बघते. तिच्याच अंगणातून गल्लीचा उत्सव सुरू झाला. वर्षातून एक दिवस खाटा बाहेर काढायच्या, मनाला येईल ते नेसायचं, भर दुपारी रस्त्यात नाचायचं.

त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जुन्या साड्यांची दोरी बांधतात आणि एकजण राखणीला बसतो. आपल्याला कुणाची भीती आहे, ते ज्यानं त्यानं आधी त्याच्या कानात सांगून ठेवायचं. तो माणूस आलाच, तर राखणदारानं हाक मारायची. बस, एवढंच काम.

नव्यांना हा इतिहास मीच सांगतो. भाडेकरूंत माझ्याइतकं जुनं आता कुणी उरलं नाही, आणि मला बोलायला आवडतं, हेही खरंच. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं — दुसऱ्या वर्षी समीरचा भाऊ मागच्या नाल्याच्या वाटेनं घुसला, म्हणून तिथं पत्रे ठोकले.

खोटं आहे ते. नाल्याकडून कुणीच आलं नव्हतं.

त्या वर्षी राखणीला मी होतो. नावड्याला समीरच्या घरी त्याचं लग्न ठरवून ठेवलं होतं, एका पुरुषाशी. त्यानं मला भावाचा फोटो दाखवला. "दिसला की नुसता आवाज दे, मी नाल्याकडून सटकतो." मी हसत हो म्हणालो. चेहरा कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला, पण — मी डोकं कशाला चालवतोय?

दुपारी तो आला. मागे गाडी, इंजिन चालूच. आणि मग मी ओळखलं — महाप्याच्या आमच्या ऑफिसची बस चालवायचा तो. त्यानंही मला ओळखलं. चिडला नाही. हसला.

"दादा, तुमी इथं राहता? ऑफिसात म्हाईत हाय काय?"

एवढंच. शिवी नाही, हात उगारणं नाही. हाक मारायला असा किती वेळ लागला असता? समीर वीस पावलांवर होता, निळा झब्बा घालून, कुणाच्या तरी नखांना रंग लावत. आणि मी काय केलं? दोरी उचलली. माझ्या हातानं — त्याला वाकावं लागू नये इतकी वर. त्याच्यामागून आणखी तिघे आत गेले.

आरडाओरडा झाला तेव्हा सगळ्यांत आधी मीच ओरडलो — "मागून आले! नाल्याकडून!" समीरचा दंड भावाच्या मुठीत होता. त्यानं ऐकलं. मला खोटं पाडू शकला असता की नाही? पाडलं नाही. गाडीत कोंबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

लग्न झालं, असं कानावर आलं. पुढचं मी विचारलं नाही. मी भित्रा आहे — सोमवारी त्याच बसनं ऑफिसला गेलो.

यंदाही राखणीला मीच. सगळ्यांचा विश्वास आहे ना. काल नवी आलेली मेघा माझ्याजवळ बसली, मामाचा फोटो दाखवला, गाडीचा नंबर सांगितला. मागून निघायला वाट आहे का, असं तिनं विचारलं. होती, आता बंद आहे, मी म्हणालो. का बंद केली?

मी तिला इतिहास सांगितला. नेहमीचाच.