गळलेला काना

एकोणीस वर्षं ती त्या गाण्यांच्या कंपनीत टायपिंग करत होती. गीतकार लोक पाकिटावर, बिलाच्या मागे, हाताला लागेल त्यावर गाणी खरडायचे. तो गिचमिड मजकूर लावून, शुद्ध करून, गायकासमोर ठेवायचा कागद ती तयार करायची. सगळे तिला टायपिंगताई म्हणत. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत इतकी कडक, की रेकॉर्डिंगवाला म्हणायचा, "ताई शिंकल्या तरी अनुस्वार जागच्या जागी पडतो!" गाण्याखाली टायपिस्टचं नाव कोण घालतं? तिलाही कधी ते खटकलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

कंपनीचा मोठा गीतकार म्हणजे कविराज. या नावात निम्मी थट्टा होती, पण त्या बाबाला ती कधी कळली नाही. यायचा दुपारी दोनला, आला की चहासाठी ओरडायचा, कागद आवडला नाही की भिरकावून द्यायचा. "प्रतिभावंत माणूस आहे, लहरी असायचाच," मालक कौतुकानं म्हणत. ताई एकदा, फक्त एकदा, मुलाच्या शाळेत जाऊन अर्धा तास उशिरा आली, तर हेच मालक घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "संसार घरी ठेवून येत जा." प्रतिभा नसली की घड्याळ लागू होतं म्हणायचं!

तर या कविराजानं एका दांडगट गायकासाठी गाणं लिहिलं. 'उशिरा आलो, कुणी टोकलं नाही, मोठ्यानं हसलो, कुणी रोखलं नाही, मनात आलं तसा जगलो, कुणाच्या बापाला भ्यालो नाही.' काय ती मर्दुमकी! आयतं ताट पुढे आलेल्या माणसाची. गायकाला चाल कळावी म्हणून आधी एक नवखी पोरगी ते गाऊन ठेवणार होती. ताईनं कागदावर वर त्या पोरीचं नाव घातलं आणि त्या नादात बोटांनी पहिल्याच ओळीत 'आलो'चा काना गाळला. उरलं 'आले'.

चूक दिसली तेव्हा तिनं खोडायला बोट उचललं. आणि ओळ पुन्हा वाचली. 'उशिरा आले, कुणी टोकलं नाही.' ती एकटीच खदखदून हसली, आणि मग तिला एकदम राग आला. कुणी टोकलं नाही? कुठल्या जगात? पहिला काना चुकून गळला. बाकीचे तिनं एकेक करून गाळले, 'तसा'चं 'तशी' केलं, आणि कागद आत पाठवून दिला.

पोरगी जी सुटली म्हणता! तीच बढाई बाईच्या तोंडी आली आणि तिचा जाब झाला. पोरीनं त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलवरून मैत्रिणींना पाठवला आणि चौथ्या दिवशी तो जिकडेतिकडे वाजायला लागला.

ऑफिसात मात्र आधी आग लागली. "माझ्या गाण्याला हिनं बांगड्या भरल्या!" कविराज थयथयाट करत ओरडला. मालकांनी ताईला उभं करून लिहून घेतलं: माझ्या निष्काळजीपणामुळे काने गळाले, क्षमा असावी. तिनं मुकाट्यानं सही केली. दोन आठवड्यांत गाणं तुफान गाजलं, तेव्हा कंपनीनं ते तसंच, पोरीच्याच आवाजात बाहेर काढलं. खाली नाव कविराजाचं. आणि हा गृहस्थ मुलाखतीत मान तिरकी करून सांगायला लागला, "स्त्रीच्या काळजात शिरून लिहावं लागतं." ताईनं ते जेवणाच्या सुट्टीत ऐकलं आणि तिला ठसका लागला. जळ्ळं मेलं तुझं शिरणं!

घरीही काही वेगळं नव्हतं. एका संध्याकाळी साडेसातला ती दारात आली, तर नवरा तेच गाणं गुणगुणत पेपर वाचत बसला होता. "एवढा उशीर?" गाण्याच्या मध्येच त्यानं विचारलं. "भूक लागलीय." तिनं पर्स आपटली. "काय गातोयस, कळतंय का तुला?" तो म्हणाला, "चाल झकास आहे." त्या दिवशी कुकर नवऱ्यानं लावला, कारण ती सरळ जाऊन पडली. तरी झोप कुठली! नाव हवं होतं तिला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं, आणि ते आपलंच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी मोठा कार्यक्रम ठरला होता आणि त्यासाठी पोरीला आणखी एक कडवं हवं होतं. कविराजानं तीनदा लिहून दिलं. 'मी सोसत आले, मी झिजत आले, ज्योतीसारखी विझत आले.' पोरगी कागद घेऊन तरातरा टायपिंगच्या टेबलाशी आली. "ताई, ही बाई विझतेय कशाला? मला नाचायचंय! पहिलं याच माणसानं लिहिलं?" ताईनं खणातून कविराजाच्या अक्षरातला मूळ कागद काढला आणि तिच्यापुढे धरला. पोरीनं तो दोनदा वाचला. "मग तुम्ही इथं काय करताय? आत जा ना! मी आहे तुमच्या पाठीशी."

ती गेली. मालकांच्या केबिनमध्ये कविराज पाय पसरून बसला होता. "गाण्यावर माझं नाव घाला," ती म्हणाली. "ह्यांच्या खाली घातलंत तरी चालेल."

मालक हसले. "अहो, ती चूक होती. तुम्हीच लिहून दिलंयत."

"फसली असती तर माझी, गाजली तर ह्यांची?"

"ताई," कविराज समजुतीच्या सुरात म्हणाला, "बाईमाणसानं नावासाठी इतकं हपापू नये. शोभत नाही."

झालं! एकोणीस वर्षं दाबलेली वाफ होती ती. "तुम्ही नाव मागितलंत की मानी, मी मागितलं की हपापलेली! तुम्ही ओरडलात की करारी, मी बोलले की तोंडाळ! तुम्ही चुकलात ती लहर, आणि मी चुकले की माफीनामा!"

आणि कविराजानं खिशातून पेन काढलं. पुढ्यातला कागद ओढला आणि ओठ हलवत लिहायला लागला. "लहर... माफीनामा... वा! ताई, 'तोंडाळ'च्या आधी काय म्हणालात?"

निर्लज्ज तो निर्लज्ज! चोरानं घरात शिरून घरधनिणीलाच कपाटाची किल्ली मागावी, तसं ते विचारणं. वर मालक पुढे वाकून म्हणतात, "चालीत बसतंय का?"

ताईनं एक मोठा श्वास घेतला. "करारी," ती शांतपणे म्हणाली. "लिहा." तिनं ओळ न् ओळ सांगितली. 'तोंडाळ'वरचा अनुस्वार राहिला होता, तो द्यायला लावला. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाली, "आता खाली माझं नाव घाला. नाहीतर ती पोरगी शनिवारी गात नाही, जाऊन विचारा तिला."

कविराजानं मालकांकडे बघितलं. मालकांनी नाइलाजानं मान हलवली. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच अडकलं.

"ताई..." तो चाचरत म्हणाला, "तुमचं नाव काय?"

तिनं मालकांकडे बघितलं. मालक टेबलावरच्या काचेकडे बघत होते. त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तिनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपलं नाव स्वतः लिहिलं, ठळक, कागद फाटेल इतकं दाबून. मालकांनी शेजारी कशीबशी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. "लगेच टाइप करून आणा."

"तुम्ही करा," ती म्हणाली, "आणि काने नीट बघा."