हाडावरचं मतदान

आमच्या घरात वांग्याची भाजी करायची का, यावरही मतदान होतं. बाबांचं तारुण्य चळवळीची पत्रकं छापण्यात आणि वाटण्यात गेलं. मला अक्षरओळखसुद्धा त्याच पत्रकांवर झाली. लोकशाहीची सुरुवात घरापासून, हा त्यांचा नियम. आणि मत द्यायचं ते उजवा हात वर करूनच.

झरीच्या रस्त्यावर काळ्या मातीच्या चिखलात माझी स्कूटी घसरली आणि उजव्या बाजूचं गळ्याखालचं हाड मोडलं. परभणीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं, टोकं फारशी सरकलेली नाहीत. हात झोळीत बांधून ठेवला तरी असं हाड बहुतेक वेळा जुळतं, फार तर उंचवटा राहतो. ऑपरेशन करून हाडावर धातूची पट्टी बसवली तर हात लवकर चालायला लागतो, जुळायची खात्रीही जास्त. पण चीर पडते, जखम चिघळायची भीती असते, कधी पट्टी टोचते आणि पुन्हा काढावी लागते. विचार करून सांगा, म्हणाले.

घरी आल्या आल्या बाबांनी बैठक बोलावली. ऑपरेशनच्या बाजूने बाबा, कारण विज्ञान. आई, कारण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना उंचवटा दिसेल. दादा, कारण पट्टीवाली बहीण विमानतळावरच्या तपासणीत वाजते का, हे त्याला बघायचं होतं. विमानतळ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मी म्हणाले, हाड माझं, त्यावर बहुमत कसलं?

"विरोधात कोण?" बाबांनी शांतपणे विचारलं.

संताप आला की माझा हात आपोआप उठतो. झोळीतून उपसून मी तो ताठ वर केला. आत कट्ट वाजलं आणि मी मटकन खाली बसले. तीन विरुद्ध एक, एवढं बाबा बोलले. पुढचं माझ्या ओरडण्यात बुडालं.

दुसऱ्या एक्स-रेत टोकं एकमेकांवर चढली होती. हात वर कशाला केला, डॉक्टरांनी विचारलं. आईनेच सांगून टाकलं, "मतदान होतं. ऑपरेशन नको म्हणून."

डॉक्टर खोकल्याच्या निमित्ताने भिंतीकडे वळले. मग म्हणाले, झोळीचा मार्ग अजून बंद नाही, पण हाड न जुळण्याचा धोका आता वाढलाय.

"म्हंजे ठराव पास," बाबा म्हणाले.

"ठराव न्हाई, बाबा. मी ठरवायलेय. डॉक्टर, ऑपरेशन करा."

"आमी तेच तर म्हणत होतो."

"तुमी म्हणत होता म्हणून न्हाई."

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. घरच्यांचं काय म्हणणं? बाबांचा उजवा हात अर्धा वर आलाच होता. त्यांनी तो खिशात घातला.

"तिलाच इचारा," ते म्हणाले.