अक्काच्या सागबागेची विरळणी

पहिल्या विरळणीचा खरा खर्च सांगतो: तोडणाऱ्यांची मजुरी, टेम्पोचं भाडं आणि माझ्या बहिणीचा, अक्काचा, पावसाळाभर अबोला. तोडलेल्या बारीक लाकडाच्या कुंपणाच्या मेढी झाल्या, त्यांतून मजुरीही सुटली नाही. अनंतराव पाटणकर सरांची आणि माझी ओळख अशी तोट्यात झाली.

सर वनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि पेणला राहू लागले. माझी रामवाडीला लाकडाची वखार, हातगाडी ओढत उभी केलेली. अक्का रोह्याजवळ. दाजी गेल्यावर तिच्याकडे सागाची दाट बाग आणि शिकणारी मुलगी, एवढंच उरलं. मी धंद्याचा सल्ला दिला, "जाड झाडं विक, बारीक आपसूक वाढतील." आपल्याकडे सगळे तेच करतात.

फळी घ्यायला आलेल्या सरांनी हे ऐकलं आणि ते आपणहून रोह्याला आले. विरळणीत तोडायच्या झाडांवर गेरूच्या खुणा केल्या, त्या नेमक्या बारीक, वाकड्या, दबलेल्या झाडांवर.

"सर, ही पोरं हायत माझी! ह्यांनी हातानं लावल्यान," अक्का कडाडली.

"बाई, एका ताटात सगळे बसले तर कोणाचंच पोट भरत नाही. झाडाला माया लावून चालत नाही. मी कधी लावली नाही."

वडखळच्या टपरीवर मी या कानांनी ऐकलं, "म्हातारा त्या बाईची बाग बुडवतो बघ." सरांना सांगितलं, तर म्हणाले, "चहा कसा होता तिथला?"

तोडीच्या परवानगीसाठी कचेरीच्या खेपा सरांनीच घातल्या. मुलीची पहिली फीही भरली. "बाग देईल तेव्हा द्या."

काही वर्षांत राखलेल्या झाडांचे बुंधे भरले. खाली ऊन पोचलं तसं गवत आलं, करवंदीच्या जाळ्या आल्या, पावसात वाहून जाणारी माती थांबली. रानकोंबड्याही दिसू लागल्या. पुढच्या विरळणीच्या लाकडावर भाची नर्स झाली. ते लाकूड मीच घेतलं. एवढा घासाघीस करणारा मी, पण भाव पाडायला जागाच नव्हती.

परवा अक्का करवंदं घेऊन सरांकडे गेली. परसात डोकावून म्हणाली, "सर, हिथली विरळणी कधी वो?" सरांनी घाईने चहा सांगितला.

सरांनी पंचाहत्तरी गाठली. यापुढेही त्यांची तब्येत ठणठणीत राहो आणि आमच्या बागा त्यांच्या नजरेखाली वाढोत. त्यांच्या घरचं कामही बाकी आहे. त्यांनी परसात लावलेले साग एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांतल्या एकालाही आजवर कुऱ्हाड लागलेली नाही.