गच्चीवरचं मृग नक्षत्र

खाली दुकान आणि वर घर, असं पानबाईंचं धरणगावच्या बाजारपेठेतलं बिऱ्हाड. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरातला जैन रिवाज, त्यामुळे गल्लीतल्या बायका स्वयंपाकाला लागत तेव्हा पानबाईंचे हात मोकळे असत. त्या नात आयुषीला घेऊन गच्चीवर जात. हळूहळू गल्लीतली बालवाडीची पोरंही येऊ लागली. सतरंजीवर सगळ्यांना उताणं झोपवून पानबाई त्यांना आकाश शिकवत. ज्यानं त्यानं तारा स्वतःच्या बोटानं दाखवल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत.

पौषात पूर्वेला मृग वर आला. पानबाईंनी बोट केलं. "तो तांबूस तारा दिसतो ना, तो हरणाचा पाय."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग शेजारच्या पितांबर आबांचा नातू स्वप्नील हळूच म्हणाला, "आजी, तो तारा नई शे. टावरना दिवा शे."

पोरं हसली, पानबाईही हसल्या. पण जिना उतरताना त्यांचं मन थाऱ्यावर नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मुलगा अखिल केव्हाचा मागे लागला होता. मात्र त्यांच्या बहिणीचा डोळा ऑपरेशननंतरच गेलेला, म्हणून विषय निघाला की त्या उठून जात. आकाश पाठ होतं, त्यावर निभावत होतं. आता लेकरांना चुकीचं शिकवलं, हे त्यांना त्या भीतीहून जड वाटलं.

"उद्या जळगावला जायचं," त्या अखिलला म्हणाल्या. "आधी उजवा डोळा."

ऑपरेशन नीट पार पडलं. काळा चष्मा, वेळच्या वेळी थेंब, जिना चढायचा नाही, हे सगळं त्यांनी मुकाट्यानं पाळलं. गच्चीवरचा वर्ग मात्र बंद पडू दिला नाही. सून रुची पोरांना वर नेई, आणि खाली आल्यावर काय कुठे दिसलं ते एकेकाला पानबाईंपुढे सांगावं लागे.

फाल्गुनात डॉक्टरांनी परवानगी दिली. मृग आता डोक्यावर आला होता. स्वप्नीलनं त्यांचं बोट धरून दाखवलं. हरणाच्या पोटातल्या बाणाचे तिन्ही तारे त्यांना सुटे सुटे दिसले. कित्येक वर्षं तिथं नुसती धुरकट रेघ होती. त्यांनी तिन्ही बोटानं मोजले.

मग म्हणाल्या, "आता मी सांगते, तुम्ही तपासा."

दोनदा आयुषीनं चूक काढली. पानबाईंनी दोन्ही वेळा पहिल्यापासून सांगितलं, आणि खाली आल्या आल्या अखिलला डाव्या डोळ्याची तारीख घ्यायला लावली.