यादीतली दहा नावं

आमचा संघ फुटबॉलच्या 'ए' डिव्हिजनमधून 'बी'त गेला, त्याचं खापर मी इतकी वर्षं एका लाइनमनच्या डोक्यावर फोडत आलो आहे. कुणी नवा माणूस भेटला आणि खेळाचा विषय निघाला की माझी रेकॉर्ड सुरू. बॉल आधी बाहेर गेला होता, झेंडा वर व्हायला हवा होता, त्या एका माणसानं आमचं वाटोळं केलं. ऐकणारा बिचारा मान डोलावतो. तो सामना बघितलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांच्यासमोर मी हा विषय काढत नाही.

नाशिकरोडला आमची वसाहत. मैदानाच्या एका गोलमागे लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या, दुसऱ्या गोलमागे बाभळी आणि त्यात हमखास जाणारा बॉल. आमच्याकडे फुटबॉल आला देवळाली कॅम्पातून. वडिलांच्या पिढीतली बरीच माणसं तिथं गोऱ्या पलटणींच्या मेसमध्ये नाहीतर धोबीघाटावर कामाला होती. गोरे गेले, खेळ राहिला. सगळा देश क्रिकेटवरून जीव ओवाळून टाकत असताना आमची वसाहत पावसाळा आला की चिखलात फुटबॉल खेळायची, आणि त्याचा आम्हाला भलता तोरा होता. जिल्ह्याच्या लीगमध्ये 'ए' डिव्हिजनला आठ संघ. सात कारखान्यांचे नाहीतर कॅम्पातले, बूट-मोजे चकाचक. आठवे आम्ही. शेवटचा नंबर आला की खाली 'बी'त, आणि 'बी'चे सामने कुठल्या तरी पडीक मैदानावर, बघायला चार कुत्री.

गोऱ्यांची आणखी एक वस्तू आमच्याकडे राहिली होती. गोलकीपरचा हिरवा लोकरी स्वेटर. मायदेशी परतताना एका शिपायानं तो वडिलांच्या दोस्ताला दिला होता. त्या दोस्तानं वय झाल्यावर दुसऱ्याला दिला, दुसऱ्यानं माझ्या मोठ्या भावाला. कोपरावर आणि गळ्यावर इतक्यांदा रफू झालेला की मूळची लोकर त्यात किती उरली होती कुणास ठाऊक. पण नियम पक्का होता. स्वेटर कुणी कुणाकडून मागायचा नाही. ज्याच्या अंगावर आहे त्यानंच तो आपणहून काढून पुढच्याच्या हातात द्यायचा. त्यामुळे कप्तान दर शनिवारी जी यादी लिहायचा तिच्यात दहाच नावं असायची. गोलकीपरचं नाव लिहिणं म्हणजे त्याला ठेवायचं की काढायचं हे आपल्या हातात घेणं, आणि तेवढा मोठा वसाहतीत कुणीच नव्हता.

मी कप्तान झालो तेव्हा दादा दहा वर्षं स्वेटर घालत होता. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो. त्यानंतर मला वाढवलं ते दादानं आणि त्याच्या शिलाई मशीननं. स्टेशनकडच्या रस्त्याला त्याचं टेलरिंगचं दुकान होतं. माझे शाळेचे गणवेश, कॉलेजच्या पँटी, लग्नाचा सूट, सगळं त्याच्या हातचं. संघाच्या जर्स्याही तोच शिवायचा आणि वर सगळ्यांना पोटं सुटल्याबद्दल झापायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो, पण ऐकायचो बापाचं ऐकावं तसं. यादी लावायची जागाही त्याचं दुकानच. मापं टिपायच्या वहीचा कागद फाडायचा, दहा नावं लिहायची, आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवायची. दादा कात्री खाली ठेवून उठायचा, यादी वाचायचा, एखाद्या नावावर नाक मुरडायचा आणि परत कामाला लागायचा. असं वर्षानुवर्षं चाललं.

ते वर्ष म्हणजे क्रिकेटचा वर्ल्डकप आपल्याकडे आला ते. जूनमध्ये कप आला आणि जुलैत आमच्या मैदानावरची निम्मी गर्दी गायब. त्यात आमचा डावा फुलबॅक सुरगाण्याचा. भाताची लावणी आली की तो जीपला लटकून गावी पसार. पहिले दोन सामने आम्ही हरलो तेव्हा मी दोष कधी लावणीला दिला, कधी वर्ल्डकपला.

तिसऱ्या शनिवारी यादी घेऊन दुकानात गेलो. वहिनी खाली बसून सुया ओवत होती. पांढरा दोरा, खाकी दोरा, निळा दोरा. ओवलेली एकेक सुई ती कापडाच्या उशीत ओळीनं टोचत होती, दादाला दिवसभर पुरतील अशा. मला बघून तिनं उशी पदराखाली घेतली आणि म्हणाली, "भाऊजी, चहा ठिवू का?"

मी कागद खिळ्याला अडकवला. दादा उठला नाही.

"वाच रे," तो मशीनवरूनच म्हणाला.

मी वाचली. दहा नावं वाचायला किती वेळ लागतो?

"झाली यादी?" त्यानं विचारलं.

"झाली."

त्यानं मशीन सुरू केलं. मी चहा न घेताच निघालो. मला सगळं कळलं होतं आणि काहीच कळलं नाही असं मी ठरवूनही टाकलं होतं. या कलेत मी लहानपणापासून हुशार.

त्यानंतर मी बघायला लागलो. न बघून कसं चालेल! बॉल डावीकडून आला की दादा जुना दादाच होता, हवेत झेप घेऊन दोन्ही हातांत धरायचा. उजवीकडून आला की तो आधी मान वळवायचा, मग हात. तेवढ्या वेळात बॉल जाळीत. आम्हाला हे समजायला चार सामने लागले, समोरच्यांना दोन. त्यांचे फॉरवर्ड आमच्यावर चाल करायचे ती फक्त दादाच्या उजव्या बाजूनं. संघात कुणी काही बोललं नाही. हाफटाइमला लिंबू चोखत सगळे जमिनीकडे बघायचे आणि मग उजव्या फुलबॅकला शिव्या द्यायचे. फुलबॅक त्या खाऊन घ्यायचा. तोही दादानंच शिवलेली पँट घालत होता ना.

आमचा दुसरा गोलकीपर गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तिशीला आलेला, चार वर्षं बाकावर बसलेला, चित्त्यासारखा चपळ. एकदा सामना संपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"कप्तान, मला काय घाई नाय. दादा देतील तेव्हा देतील. पण तुम्ही बघताय ना?"

"काय बघतोय?" मी म्हणालो.

"कुछ नहीं," तो म्हणाला आणि बूट सोडायला बसला.

गणपती झाल्यावर वहिनीच घरी आली. दादाला न सांगता आलेली, दारातच उभी. ती निफाडकडची, चौथीपर्यंत शिकलेली, पण दादाच्या दुकानाचं सगळं लिहिणं-वाचणं तीच करायची.

"भाऊजी, त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू हाय. डाक्टर म्हनतो अजून पिकला नाय, पिकल्याबिगर काढता येत नाय. तवर खेळू नका म्हनलं तर माझ्यावर डाफरत्यात. तुमचं ऐकतील. तुमी कप्तान हाय."

"वहिनी, ते त्यानंच ठरवायचं असतं. आमची रीत आहे तशी."

"रीत लय झाली तुमची," ती म्हणाली. "मी आले व्हते म्हनून सांगू नका."

त्या शनिवारी मी ठरवून गेलो होतो. खिशात दोन कागद होते. एकावर दहा नावं, दुसऱ्यावर अकरा, अकरावं नाव मेकॅनिकचं. दुकानाच्या पायरीवर मी थांबलो. आत दादा कुणाच्या तरी कोटाचं अस्तर हातानं चाचपून बघत होता, टाके बोटांनी मोजत होता. मला वाटलं, या माणसानं आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट ठेवली, तो फाटका स्वेटर, आणि तो मी ओढून घेऊ? झाकली मूठ झाकलेलीच बरी. मी दहा नावांचा कागद अडकवला.

"वाच."

वाचला.

"झाली यादी?"

"झाली."

"बरं," दादा म्हणाला.

शेवटच्या सामन्यापर्यंत आम्ही तळाला, पण एक बरोबरी मिळाली की वाचणार अशी अवस्था. नवरात्र नुकतंच संपलेलं. वणीला पायी गेलेले आमचे दोघं तळपायाला फोड घेऊन परतले होते आणि देवीनंच संघ वाचवायचं कबूल केलंय म्हणून सांगत होते. आदल्या दिवशी मी यादी वाचली. दहावं नाव झाल्यावर दादानं नेहमीचं विचारलं नाही. "अजून?" एवढंच म्हणाला. "झाली की," मी म्हणालो. तो मशीनचं चाक उगाच हातानं फिरवत राहिला.

सामना आम्ही जीव खाऊन खेळलो. शपथेवर सांगतो, त्या संघानं मोसमात एकदाच असा खेळ केला. दादाच्या उजव्या बाजूला मी दोघं उभे केले होते, तिसरा मी स्वतः. कुणी विचारलंच तर सांगायला कारणही तयार होतं. दहा मिनिटं उरली, गोल नाही. वसाहतीतल्या बायकासुद्धा मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. मग त्यांचा एक जण रेषेला चिकटून पळत आला, मला चकवलं आणि बॉल गोलसमोर ढकलला. जोर असा नव्हताच. बॉल चिखलात रखडत, दमल्यासारखा येत होता. दादानं पाय टाकला तेव्हा तो वीतभर पुढे निघून गेला होता. जाळीपर्यंतसुद्धा पोचला नाही. रेषा ओलांडली आणि थांबला.

मी लाइनमनच्या अंगावर धावून गेलो. "बाहेर होता बॉल! आंधळा आहेस का? डोळे फुटले का तुझे? दिसत नाही तर उभा कशाला राहतोस रे इथं?"

सगळं मैदान ऐकत होतं. लाइनमन मागे सरकला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. हिरवी बाही, कोपराला रफू.

"त्याला नको बोलू," दादा म्हणाला. "मला दिसला नाही."

त्यानं तिथंच स्वेटर डोक्यावरून काढला. आत साधा बनियन, पाठ चिखलानं भरलेली. तो बाकापर्यंत चालत गेला आणि स्वेटर मेकॅनिकच्या हातात दिला. मेकॅनिक तो घेईना. "असा नको होता मला, दादा," म्हणाला. दादानं तो त्याच्या गळ्यात घातला, लहान पोराला घालतात तसा, हात बाह्यांत सारून दिले आणि कडेला जाऊन बसला. उरलेल्या वेळात मेकॅनिकनं उजवीकडून आलेले दोन बॉल असे अडवले की समोरच्यांनीही टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात. आम्ही एका गोलनं हरलो आणि खाली गेलो. पुन्हा कधी वर आलो नाही.

मैदान रिकामं झाल्यावर मी सायकल काढली. लहानपणी दादा मला पुढच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा. त्या संध्याकाळी तो मागे कॅरिअरवर बसला. मोठा माणूस, पाय जमिनीला लागत होते. दिवस मावळायचा होता, रस्त्याला ओळखीची माणसं होती, कुणी हाक मारली नाही.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं मागून विचारलं.

तोंड दिसत नसताना खोटं बोलणं सोपं जायला हवं. मला जमलं नाही. "हो."

"कधीपासून?"

"वहिनी सुया ओवत होती तेव्हापासून."

म्हणजे तिसऱ्या सामन्यापासून. तो मनात हिशोब करत असावा.

"मग बोलला का नाहीस?"

"स्वेटर तुझा होता. तुझा मान..." मी रडत होतो आणि पायडल मारत होतो.

"माझ्याच्यानं निघत नव्हता रे तो अंगातून," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "यादी तुला वाचायला का लावायचो मी? अक्षरं दिसत नव्हती म्हणून? ती तर तुझ्या वहिनीनंही वाचली असती. दर शनिवारी वाटायचं, आज तरी हा अकरा नावं वाचेल."

रस्ता सपाट होता, तरी माझ्याच्यानं सायकल चालवेना. मी खाली उतरलो. दादा कॅरिअरवर तसाच बसून राहिला आणि मी सायकल हातानं ढकलत घरापर्यंत नेली.